दांडी कापलेल्या गाळण्या

प्रिय वहिनी,

आज दुपारी मी चहाच्या दोन प्लास्टिकच्या गाळण्यांच्या दांड्या कापल्या. कशासाठी, ते तुम्हाला सांगायला नको.

बाळ अकरा दिवसांचं झालं. पाजून पाजून बोंडांना भेगा पडल्यात. गाऊनचं कापड नुसतं घासलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नर्स म्हणते, बाळाला तोंड मोठं उघडू दे, मग लाव. तेही करते. तरी ते कुशीत चुळबुळलं की माझ्या पायांची बोटं आधीच आखडतात. आपल्याच लेकराची भीती वाटते, हे कुणाला सांगू?

तुमच्या वेळी, कापड टेकू नये म्हणून तुम्ही ब्लाउजमध्ये गाळण्या ठेवायचात. एकदा त्यातली एक खाली पडली, ती उचलून मी पाहुण्यांसमोर विचारलं, "वहिनी, चहा इथेच गाळता का?" सगळे पोट धरून हसले. दादासुद्धा. तुम्हीही हसलात आणि आत गेलात. दुसऱ्या दिवशी तुमच्या बाळाला वरचं दूध सुरू झालं. त्यावरही नाक मुरडलं ते मीच: "एवढं काय दुखतं मेलं!"

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "फार दुखत नाही ना गं?" मी म्हटलं, "छे, मुळीच नाही."

वहिनी, गाळण्या सारख्या सरकतात. त्या जागेवर कशा राहतात हे घरात फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हालाच विचारायला मला तोंड नाही.

बाळ उठलं.

तुमची,
खोटारडी नणंद