दादांच्या रायफलची दुर्बीण

बुधवार, ११ डिसेंबर १९६३

दादा गेल्यानंतर आज प्रथमच शहरात जाऊन त्यांच्या रायफलसाठी दुर्बीण आणली. डुकरं ज्वारीत शिरतात. वहिनी म्हणाल्या, “राखण आता तुम्हालाच करायची, भाऊजी.”

दुकानदार म्हणाले, “मोठी घ्या मियां, खुलताबादचा डोंगर दारात येईल.” मोठीतून समोरच्या लिंबाचं एकच पान दिसलं, लहानीतून अख्खं झाड. दादा म्हणायचे, “डुकरामागं कुणी माणूस नाही ना, ते आधी बघ.” लहानच घेतली. “शिकार करणार की रान बघणार?” दुकानदार हसले.

संध्याकाळी बांधावरून ती डोळ्याला लावली. ज्वारी हलत होती, मागं दादांचं रिकामं मचाण. कुणी येईल असं उगाच वाटत राहिलं. मोठीतून मचाण जवळ दिसलं असतं, पण रिकामंच ना? मग वर चढलो आणि त्यांची घोंगडी झटकून अंथरली.