कोंड्याच्या भरडीचा हुकूम

प्रति,
मा. आहार अधिकारी,
रघुनाथराव स्मारक रुग्णालय,
लष्कर, ग्वाल्हेर.

विषय : रुग्ण सूर्याजीराव काटकर यांस न्याहारीला जव-हरभऱ्याची सालासकट भरड देण्याचा लेखी हुकूम मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज व त्यांवर आलेली उत्तरे.

महोदय,

अर्जदार सुधाबाई काटकर, राहणार टोपी बाजार, हिचे निवेदन असे की, आपण नागपूरहून बदलून आला आहात व मराठी वाचता, हे कळल्यावर तिला धीर आला. आधीचे अर्ज तिने मोडक्यातोडक्या हिंदीत दिले होते.

१. अर्जदाराचे यजमान सूर्याजीराव जुन्या दरबारच्या पागेत जमादार होते. मधुमेहामुळे पायाची जखम भरेना, म्हणून ते दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडे दाखल झाले. डॉ. मधुसूदन यांनी जव व हरभरा सालासकट भाजून, जाड भरडून, सकाळी दुधातून द्यावा असे लिहून दिले. अर्जदार ती भरड घरच्या जात्यावर काढून आणीत असे. जखम सुकू लागली. लघवीतली साखर तपासण्याच्या नळीत रंग निळा राहू लागला, म्हणजे साखर उतरली, तेव्हा नर्स दुर्गाबाईंनी तो तिला मुद्दाम बोलावून दाखवला.

२. पुढे नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन नवे राज्य झाले. डॉक्टरसाहेबांची बदली इंदूरला झाली, जुना आहारतक्ता रद्द झाला, घरचे अन्न बंद झाले. नवा तक्ता मंजूर होईपर्यंत मधुमेहाच्या रुग्णांना डब्यातले ‘कमी पिष्टाचे’ फ्लेक्स मिळतात.

३. डब्यावर गव्हाच्या लोंबीचे सुरेख चित्र आहे. आत काय आहे ते अर्जदाराने कंपाउंडरकडून वाचून घेतले. धान्याची साल काढायची, ते वाफेत शिजवायचे, रुळाखाली लाटायचे, माल्टच्या पाकात घोळून भाजायचे, आणि शेवटी चिमूटभर कोंडा वरून लावायचा. जो काढायलाच नको होता, तोच परत लावतात, हे अर्जदाराच्या बुद्धीला झेपले नाही. दूध घातले की त्याची पेज होते. यजमान ती चावल्याविना गिळतात आणि लगेच भुकेने कासावीस होतात. नळीतला रंग आता विटेसारखा येतो.

४. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर उत्तर आले की, कोंडा मनुष्याच्या आहारात मोडत नाही, पशुसंवर्धन खात्याकडे जावे. त्या खात्याने जनावर हजर करण्यास सांगितले. अर्जदाराने आपला नवरा असल्याचे कळवले, तेव्हा त्याचे वय व उंची विचारण्यात आली. तिने तीही कळवली. पुढे काही आले नाही.

५. आपण म्हणाल, बाईने पदराआड भरड न्यावी. तिने नेली होती. यजमानांनी वाटी पाहिली आणि विचारले, “हुकूम आहे का? नसेल तर वापस ने.” पागेत वरच्या हुकमाशिवाय घोड्याच्या तोंडाला मूठभर दाणाही लागत नसे, आणि सरकारने दिलेला शिधा कोणी टाकत नसे. ती पागा मोडली, ते सरकार गेले, पण हा माणूस तसाच आहे. तो फ्लेक्सची वाटी पुसून खातो. अर्जदाराला त्याचा राग येतो आणि रडूही येते.

६. शनिवारी त्यांचा पाय गुडघ्याखाली कापणार आहेत. साखर उतरली तर थांबता येईल, असे सर्जनसाहेब म्हणाले. यजमानांनी एवढेच विचारले की, कापण्याचा हुकूम आला का. तो आला आहे. नव्या राज्याचे कागद छापून आलेले नाहीत म्हणून भरडीचा हुकूम काढता येत नाही, असे आपल्या कार्यालयाने सांगितले. पाय कापण्याचा हुकूम मात्र जुन्याच कागदावर, वरचे जुन्या राज्याचे नाव खोडून, एका दिवसात निघाला.

तरी तशाच एखाद्या कागदावर, नाव खोडून, एक ओळ लिहून द्यावी. यजमान सही झालेला कागद पाहिल्याशिवाय वाटीला हात लावणार नाहीत, आणि पाहिल्यावर एक दाणा ठेवणार नाहीत.

आपल्या सहीसाठी बाहेर बाकावर बसलेली,
सुधाबाई सूर्याजीराव काटकर
लष्कर, ग्वाल्हेर
दि. १२ डिसेंबर १९५६

सोबत :
१) भरडीची पुरचुंडी व डब्यातले मूठभर फ्लेक्स. दोन्ही दुधात भिजवून पाहावे.
२) जुन्या दरबारचा एक कोरा कागद, यजमानांच्या पेटीतला. वरचे नाव अर्जदाराने स्वतः खोडले आहे.