चार बोटं अंतर

९ ऑक्टोबर
झेमुनच्या टेकडीच्या पायथ्याशी अखेर घर मिळालं! तळघरातलं आहे, पण फुप्फुसांच्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. पंधराला माझी लेक नेवेना तिथून घरी येईल. डॉक्टरांनी बजावलंय, खोली उबदार आणि कोरडी हवी. घरमालकीण झिवानाकाकूंची अट निराळीच. टेकडीकडच्या भिंतीला ओल धरू नये म्हणून आतून काळं रबरी अस्तर आहे, वर गिलावा. त्या भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. म्हणाल्या, “वीस वर्षं रेडिएटर बसवतोयस ना? मग दाखव अक्कल. भोक पाडलंस तर तुलाच त्यात चिणीन!” बाई फटकळ, पण अंजिराचा मुरंबा घेऊन आल्या होत्या.

१० ऑक्टोबर
खोली गरम ठेवणारा रेडिएटर लोखंडी पायांवर उभा केला. बिडाचं ते धूड कुठला गोंद पेलणार? पाय फरशीला आवळले, नळ्या खालून जोडल्या. टेकडीकडच्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवलं. स्वतःवरच खूश आहे.

१२ ऑक्टोबर
थंडी लवकर पडली आणि दरवर्षीचा तमाशा सुरू झाला. रेडिएटरमध्ये शहराचं गरम पाणी पंधरा तारखेच्या आत सुटत नाही, म्हणून वैतागून बिल्डिंगभर लोक चमच्यांनी पाइप बडवताहेत. मीही तीन ठोके दिले. भिंतीपलीकडून तीन परत आले. शेजारी गमत्या दिसतो. दिवसभर आमची जुगलबंदी चालली.

१३ ऑक्टोबर
काकूंना शेजाऱ्याचं नाव विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. पलीकडे कोणी राहत नाही, नुसती टेकडी आहे म्हणाल्या. तू उत्तर तर दिलं नाहीस ना, असंही विचारलं. मी खोटं बोललो.
अंतर मोजलं. तीन बोटं. रेडिएटर जागचा हललेला नाही.

१५ ऑक्टोबर
पाणी सुटलं. नेवेना आली. खोकते, पण हसते. भिंतीला हात लावला तर गिलाव्याखाली काहीतरी हळूहळू वर-खाली होत होतं. दोन बोटं. रेडिएटर बंद करून पाहावं तर पोर गारठेल. दुसरं घर एका दिवसात कोण देणार? मला फार भीती वाटते आहे.

१६ ऑक्टोबर
दुपारी नेवेना झोपेत खाटेवर टकटक करत होती. तीनदा. भिंतीनेही केली. मग भिंत खोकली. हुबेहूब तिच्यासारखी —
दवाखान्यात फोन केला. सोमवारपर्यंत खाट नाही.
एक बोट.

१७ ऑक्टोबर
दूध आणायला गेलो. पाचच मिनिटं —
भिंत सपाट. नेवेना खाटेवर. खोकला थांबलाय. बरी झाले म्हणते.
खोकला भिंतीतून येतोय. मध्येच “बाबा” —
ड्रिल टेबलावर काढून ठेवलंय. भोक पाडण्याआधी हे लिहितोय. खाटेवरची उठून आली. भोक नको पाडूस, गार वारा येईल म्हणते. तिचा हात ओला आहे. तो ड्रिलवर ठेवून बसली आहे.
आतला खोकला मंदावत —