अन्नपूर्णेचं पितळ

लखनौ, संकष्टी, जानेवारी १९९७

प्रिय ऋचूस, आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. शेवटी विचारलंस, लग्नाला याल ना, की मी आणि विजय कचेरीत जाऊन सह्या करून टाकू? त्याचं उत्तर खाली लिहीन. बेरीज वर मांडायची मला सवय नाही. बाहेर इतका कोहरा आहे की आज चंद्र दिसत नाही. पंचांगातल्या वेळेला नैवेद्य दाखवून उपास सोडेन. तोवर तुझ्याशी बोलते.

आधी देव्हाऱ्यातली बातमी. आपल्या अन्नपूर्णेचा चेहरा गेला. माझ्या आईनं मला गौरीहरासाठी दिलेली ती. रोज चिंच लावून घासली, तर नाकडोळे राहतील कसे? त्यात हातातली पळीही मोडली. शेजारच्या मालिनीकाकू म्हणाल्या, खंडित मूर्ती पुजू नये, गोमतीत सोडून या. मला पटेना. अगं, एवढं चांगलं पितळ!

तेव्हा मागच्या थंडीत मटार सोलताना तू सांगितलेलं आठवलं. मॅट्रिक झालेल्या आईला तू पेशी समजावत होतीस. पेशीतल्या प्रत्येक प्रथिनाची एक घडी असते. ती बिघडली तर आधी मदतनीस ती नीट घालून बघतात. नाहीच जमलं तर त्याला एक बारीक खूण चिकटवतात. खुणेवर खूण लागून साखळी झाली की ते पिंपासारख्या यंत्रात जातं, त्याचे तुकडे होतात आणि त्यातूनच पुन्हा नवी प्रथिनं घडतात. खुणासुद्धा वाया जात नाहीत, सोडवून परत वापरतात, हे ऐकून मी मटार सोलायची थांबले. म्हटलं, या पेशीला सासू चांगलीच कडक मिळालेली दिसते! बाबासुद्धा पेपरामागे हसले होते.

मग मूर्ती घेऊन तेलीबागेत मोहन ढलाईवाल्याकडे गेले. त्यानं आधी छिन्नीनं चेहरा कोरून पाहिला, म्हणजे तुझे ते मदतनीसच म्हण. पण धातू फार झिजलेला. म्हणाला, अम्माजी, गलाना पड़ेगा. मी म्हटलं, गाळा, पण एकीच्या दोन करा. तर हसायलाच लागला. इतने में तो माताजी का मुकुट भी न बने, पीतल और लाइए.

घरी येऊन जेवताना मी हे सगळं भिंतीला सांगितलं. तुझा विषय निघाला की बाबा ताटाकडे बघतात, म्हणून मीही भिंतीशीच बोलते. विजय आपल्यातला नाही हे कळलं त्या दिवशी ते म्हणाले, माझ्यापुरती ती संपली. मी घाबरले, पण मनात म्हटलं, ही एकच खूण आहे. साखळी झालेली नाही. आणि चुकून लागलेली खूण सोडवून घेणारेही पेशीत असतात, हेही तूच सांगितलं होतंस. पण पेशीतलं ते यंत्र बंद पाडलं तर ती आपल्याच पसाऱ्यात गुदमरते म्हणालीस ना, तसं आपलं घर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यासमोर तुझ्या आजीचा गळका पितळी तांब्या ठेवलेला. बाबा त्याला कुणाला हात लावू देत नसत, तुला ठाऊक आहे. तो घेऊन मी पुन्हा तेलीबाग गाठली.

मोहन म्हणाला, माता को भट्टी में हम नहीं डालेंगे, पाप लगेगा, आप ही डालिए. नमस्कार करून मीच मुशीत ठेवली. रडू येईल वाटलं होतं, पण वितळताना ती इतकी चमकली की बघतच राहिले. दोन्ही अन्नपूर्णा छान उतरल्यात. नाकं तेवढी लखनवी आलीत. कुठल्या मूर्तीत आजीचा तांब्या जास्त आणि कुठल्या मूर्तीत माझी आई, ते आता देवीलाच ठाऊक.

तर तुझं उत्तर. एक देव्हाऱ्यात बसवली, दुसरी खणात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहे. काल बाबांनी ऑफिसातून रेल्वेचा पास आणून टेबलावर ठेवला. लखनौ ते हैदराबाद. त्यावर नावं दोघांची आहेत. कचेरीत सह्या खुशाल करा, पण गौरीहर मांडून ठेव. अन्नपूर्णा मी आणते. कन्यादानाचं पाणी सोडायला बाबा येतायत.

तिला फार घासू नकोस हं.

तुझीच,
आई