स्मरणार्थ दिलेला तांब्या

करी रोड,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
बेबीचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या नावाआधी सौ. लिहायचं की आणखी काही, हे मला माहीत नाही, म्हणून नुसतं ताई. तीस वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. चाळ पाडायचं नक्की झालंय, त्यामुळे सगळे माळे रिकामे करतायत. बाबांमागोमाग आईही गेली, ते तुला कळलं आहे. कळलं हे मला कसं ठाऊक, ते पुढे लिहिते.

तुला एक भाची आहे, प्राची. तेवीस वर्षांची. चित्रकला शिकली, पण चित्रं काढत नाही, वस्तू टांगते. यात तू काय केलंस असं विचारलं तर म्हणते, "आई, तू येऊन बघ ना." या टांगाटांगीचं तिचं पहिलं मोठं प्रदर्शन काल सुरू झालं. परळच्या एका चर्चमध्ये, एवढंच मला ठाऊक. टॅक्सी तुमच्या गल्लीत वळली तेव्हा कळलं, हे तुझंच चर्च. तू तिथे दर रविवारी गातेस, हे खालच्या जाईबाईंनी मला फार पूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून त्या गल्लीत मी पाऊल टाकलं नव्हतं.

आत गेले तर छतापासून बारीक तारांवर भांडीच भांडी. तांबे, पेले, वाट्या, प्राचीने चाळीचाळीतून मागून आणलेल्या. आपल्याकडे तेराव्याला नाव घालून वाटतात ती. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. बाकावर बसायचं आणि मान वर करून वाचत राहायचं. मला आवडलं, खरंच. पोरीचा अभिमान वाटला.

मग मधोमध, वेदीसमोर, एकटाच टांगलेला एक तांब्या दिसला. त्याच्यावर वेगळा दिवा सोडला होता.

'कै. कु. ललिता कुशाबा घाडी हिच्या स्मरणार्थ. ६-२-१९९४.'

ताई, मी ते दोनदा वाचलं. ती तारीख कसली, ते तुला सांगायला नको. त्या दिवशी तू आणि स्टॅनी लग्नासाठी त्याच वेदीसमोर उभे होतात.

तू गेल्यावर बाबांनी तुझं तेरावं घातलं. कावळ्याला घास ठेवला, नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात तांब्या दिला. एक उरला. आई तो हातात घेईना. "जित्या माणसाचो तांब्यो माका नको, माळ्यार टाक तो," म्हणाली. तेवढंच बोलली ती, त्या दिवशी आणि पुढेही. त्या तांब्यात आमच्या घरात कुणी कधी पाणी भरलं नाही.

हे तुला कुणीतरी सांगितलं असेल. बाबांचा राग म्हणून तू सोडूनही दिलं असशील. कुणीच न सांगितलेलं आता सांगते. बाबांना अक्षरओळख बेताची. लालबागच्या भांड्यांच्या दुकानात ते मला घेऊन गेले. दुकानदाराने कागद पुढे केला, काय नाव घालायचं ते लिहून द्या म्हणाला. मी लिहून दिलं. माझं अक्षर छान, तूच वळण लावलेलं. कारागिराने ते जसंच्या तसं उतरवलं. "तारीख?" त्याने विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितली.

मी सतरा वर्षांची होते, पण कुक्कुलं बाळ नव्हते. माझ्यावर कुणी जबरदस्तीही केली नाही. आपण एका गोधडीत झोपायचो आणि तुझं लग्न मला जाईबाईंकडून कळलं. मला बाबांपेक्षा जास्त राग होता.

आई गेली तेव्हा तू चाळीच्या फाटकाशी उभी होतीस. मी कठड्यावरून पाहिलं. प्राची शेजारीच होती, दहा वर्षांची. फोटोतली मावशी तरुणपणीच तापाने वारली, असं मी तिला सांगून बसले होते. आता ती खाली उभी आहे हे कुठल्या तोंडाने सांगू? मी आत जाऊन दार लावून घेतलं. तू किती वेळ थांबलीस, मला माहीत नाही.

आणि आता ही भांडी. प्राचीने मागितली तेव्हा मी माळ्यावरचं पोतं उघडूनही न बघता तिच्याकडे दिलं. तिने कौतुकाने आपल्या मावशीचा तांब्या मधोमध लावला. मला विचारलंही नाही. म्हणे, तुला सरप्राइज.

एवढ्यावर भागलं असतं. पण फादर माइकवर म्हणाले, "नोव्हेंबर हा आमच्याकडे मृतांच्या आठवणीचा महिना. संडेला मिसाची उपासना झाली की ही सगळी नावं वाचून आपण प्रार्थना करू. मराठी वाचायला आपल्या ललिता आंटी आहेत. त्यांना सॅटरडेला लिस्ट देतो."

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि प्राचीला सगळं सांगितलं. ती उठून उभी राहिली. "म्हणजे मावशी जिवंत आहे, आणि मी तिला तिच्याच चर्चमध्ये..." मग म्हणाली, "दोन मिनिटांत काढते. लिस्टमधूनपण उडवते. कोणाला कळणार नाही, आई."

मोह झाला, ताई. तीस वर्षं जमलं, अजून चार दिवस सहज जमलं असतं. पण दारातून आत पाहिलं तर तांब्या तिथेच होता, माझ्या अक्षरासकट. म्हटलं, "राहू दे. आधी मी तिला लिहिते."

पोस्टाने हे शनिवारच्या आत पोचायचं नाही. म्हणून पत्र घेऊन जी मुलगी तुझ्या दारात उभी आहे, ती प्राची. तिची यात काही चूक नाही. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. तिला घरात घे, पाणी दे.

तांब्या काढायचा, यादीतलं नाव खोडायचं, की मोठ्याने वाचायचं, हे तू ठरव आणि प्राचीला सांग. तू वाचलंस, तर ते कुणी लिहिलं हेही वाच. मी रविवारी येईन. शेवटच्या बाकावर बसेन. तू 'जा' म्हणालीस तर जाईन, पण या वेळी दार मी लावणार नाही.

पाकिटावर नुसतं 'ललिता' लिहिलंय. तुझ्या नावाआधी काय लावायचं, हे एकदा मी ठरवलं होतं. आता तू सांगशील ते लिहीन.

तुझीच धाकटी,
बेबी