पहिलवान आणि ‘फिरायला’

अहो,

या घरात शब्दाला किंमत आहे, असं मी आजवर समजत होते. पहिलवानही समजत होता, पण तो पडला अडीच किलोचा कुत्रा.

त्याची गाडीची भीती जावी म्हणून बारा दिवस त्याला मांडीवर घेऊन मी उभ्या गाडीत बसले. शेजारीण रोज विचारायची, “कुठं निघालात?” मी म्हणायचे, “कुठंच नाही.” तेराव्या दिवशी “फिरायला” म्हणत गाडी फाटकापर्यंत नेली, तरी गडी थरथरला नाही. आणि काल तुम्ही तेच “चल, फिरायला” म्हणून त्याला इंजेक्शन द्यायला नेलंत! आता तो शब्द ऐकला की हा पलंगाखाली.

रविवारी लेकीकडे जायचंय. “पहिलवानाला सोडून आलात तर दार उघडणार नाही,” असं तिनं बजावलंय. हातात चार दिवस आहेत. सीटवर त्याची चादर घाला, त्याला घेऊन गुपचूप बसा, इंजिन सुरू करू नका. तो शब्द तर तोंडातून काढूच नका. शांत बसला की बिस्कीट द्या.

मी बिस्किटंच आणायला गेलेय. निळ्या डब्यातली कुत्र्याची होती. ती तुम्ही चहाबरोबर संपवलीत.