पाठ झालेले उतारे

जुळे सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. वैजूआत्यास,
अंकिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत बरी आहे. दिवाळीनंतर इथे क्लासच्या हॉस्टेलात आले त्या दिवशीच आमचे मोबाईल कपाटात गेले. रविवारी ऑफिसातल्या फोनवर दहा मिनिटं बोलू देतात, तेही रेक्टरबाईंसमोर, स्पीकर लावून. पलीकडे आप्पा सगळ्या वस्तीला गोळा करून बसलेले असतात. मग काय बोलणार? जेवलीस का, जेवले. पत्रं मात्र कुणी फोडत नाही. मेसच्या बजाबाई जाता जाता पेटीत टाकतात, म्हणून लिहितेय.

आता ऐक, आणि आप्पांना एक अक्षर सांगशील तर माझी शप्पथ. गेल्या चाचणीत इंग्रजीत मी पहिली आले. पन्नासात अठ्ठेचाळीस. क्लासनं माझा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. आणि आत्या, मला इंग्रजी वाचता येत नाही.

म्हणजे अक्षरं येतात गं, सुटे शब्दही येतात. पण अख्खा उतारा समोर आला की चौथ्या ओळीला पहिली ओळ डोक्यातून गेलेली असते. क्लासची उताऱ्यांची एक जाड झेरॉक्स वही आहे, साठ उतारे. चाचणीला त्यातलेच येतात. मी ते उत्तरांसकट पाठ केलेत. पहिली ओळ बघितली की कळतं, हा मधमाश्यांचा: क, अ, ड, अ, ब. हा जुन्या दीपगृहाचा: ब, ब, क, ड, अ. त्या मधमाश्यांचं पुढे काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही. मेल्या असतील.

मे महिन्यात सीयूईटी आहे, केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिथे उतारे नवे असणार, आणि चुकलं की गुण कापतात. थोरल्या सोनालीताईचं लग्न बारावीच्या निकालाआधीच उरकलं, तुला माहीतच आहे. मला आप्पांनी बारावीनंतर एक वर्ष दिलंय, एकच. ही परीक्षा निघाली तर मी बाहेरच्या विद्यापीठात जाईन, नाही निघाली तर कुणाच्या तरी घरी जाईन.

तू बारा वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवतेस. एक कोरा, न बघितलेला उतारा पाठव आणि तो कसा वाचायचा ते समजावून लिही. दुसऱ्या कुणाला विचारू?

माया आहेच, उत्तरही लवकर असू दे.
तुझी अंकिता


सांगोला तालुका
१६ फेब्रुवारी २०२५

चि. अंकीस,
आप्पाचा आशीर्वाद.

हितं समदी खुशाल हाय. फोनवर तुजी बाई मधीच येळ झाली म्हणती, म्हणून लिवतो. सातवीपातूर शिकलेलं हाय, चुकलं तर हसू नगंस.

तुजा फ्लेक्स लागला. एसटी स्टँडवर! येडूतात्यानं लावला, औंदा विलेक्शनला हुबा ऱ्हायचं हाय त्याला. मी नगं नगं म्हणत हुतो, पर मनातनं हवंच हुतं की. मधी तुजा फोटू, वर लिवलंय ‘इंग्रजीची वाघीण’. तात्याचा फोटू तुज्यापरीस मोटा हाय, त्याला काय करणार. आता कुटंबी गेलो तरी लोक चा पाजत्यात. तुजी आई भाजी आणायचं निमित्त करून दोनदा बघून आली.

आपल्या घरात इंग्रजी कुणाला येतंय? एक वैजूला, आन् आता तुला. वैजूचं डोस्कं तुज्यात उतरलंय, समदी म्हणत्यात. अशीच पयली येत ऱ्हा.

आमचा आशीर्वाद हायच, तब्येतीला जप.
आप्पा


करमाळा
२० फेब्रुवारी २०२५

चि. अंकितास,
वैजूआत्याचे अनेक आशीर्वाद.

अगं बाई, पन्नासात अठ्ठेचाळीस आणि वर ही रडारड! माझ्या वर्गात पन्नासात अठरा मिळाले तरी पोरं नाचतात. तू अशी कशी गं उफराटी?

पाठ करणं काही पाप नाही. साठ झालेत ना, आणखी साठ कर. त्यातला एखादा येईलच. कोरा उतारा पाठवणारच होते, पण इथे दहावीच्या परीक्षेची गडबड, पेपरांवर देखरेख, मान वर करायला फुरसत नाही. पुढे बघू.

दादाला मात्र काही बोलू नकोस. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा असा चारचौघांत मान मिळवलाय, तो त्याला घेऊ दे. शेंगदाण्याचे लाडू पाठवतेय. एकटी खा, मैत्रिणींना वाटत बसू नकोस.

नीट झोप, आणि माझी आठवण ठेव.
वैजूआत्या


जुळे सोलापूर
२ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
अंकिताचा सा. न., थोडा रागातला.

लाडू मिळाले, संपले. उतारा मिळाला नाही.

इथे मध्यंतरी काय झालं ते लिहिते. संगमेश नावाचे नवे सर आले, दुधनीचे. घरात कन्नड, शाळा मराठी, आणि इंग्रजी त्यांनी एकट्यानं वाचून वाचून कमावलेलं. त्यांनी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि वर्तमानपत्रातला एक उतारा झेरॉक्स करून वाटला. मी पहिली ओळ वाचली. ओळखीची नव्हती. हाताला असा घाम सुटला की कागद चिकटला. दहा प्रश्नांत माझा एक बरोबर आला, तोही चुकून. आणि मी एकटी नाही, चाळीसच्या चाळीस जणांचं तेच. सर ओरडले नाहीत. म्हणाले, की तुम्ही कुणी ढ नाही, तुम्हाला आजवर कुणी वाचायलाच लावलं नाही.

चौथ्या दिवसापासून सर आलेच नाहीत. क्लासच्या मालकांनी ती चाचणी रद्द केली, ग्रुपवर गुण गेलेच नाहीत. लगेच पुढच्या चाचणीला परत वही, परत त्या मधमाश्या, परत मी पहिली. आप्पांचा फोनवरचा आवाज ऐकला असतास ना आत्या! मी इकडे तोंडावर हात दाबून उभी होते. खोलीच्या खिडकीला जाळी आहे, तिचं मला काही वाटत नाही. पण ह्या अठ्ठेचाळीस गुणांतून मी बाहेर कुठून पडू?

सर जाताना बजाबाईंजवळ निरोप ठेवून गेले. ते जवळच राहतात, सकाळी घरीच शिकवणार आहेत, पाचवीच्या पुस्तकापासून. ज्याला खरंच वाचायचंय त्यानं यावं. पण घरच्यांनी सांगितल्याशिवाय हे लोक मला फाटकाबाहेर सोडत नाहीत, आणि आप्पांना सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

पुढच्या रविवारी भेटीचा दिवस आहे. तू ये. माझ्याशेजारी बस आणि एक उतारा, फक्त एक, माझ्याबरोबर वाच. मग पुढचं दोघी मिळून ठरवू.

वाट बघते, नाही म्हणू नकोस.
अंकिता


करमाळा
१० मार्च २०२५

चि. अंकितास,
अनेक आशीर्वाद.

काल आले नाही. तू फाटकाशी उभी राहिली असशील. मला ताप नव्हता, गाडीही चुकली नव्हती. स्टँडपर्यंत गेले, सोलापूरची एसटी डोळ्यांसमोर लागली, भरली आणि सुटली. तुझ्याशेजारी बसून उतारा वाचायचा या विचारानं मी चढलेच नाही.

अंकिता, मलाही वाचता येत नाही.

बी. ए. मी गाईडं पाठ करून झाले. नोकरी लागली तेव्हा वाटलं, शिकवता शिकवता येईल. पण पहिल्याच दिवशी सगळे ‘इंग्रजीच्या बाई’ म्हणायला लागले, मग विचारायचं कुणाला? धडा आदल्या दिवशी गाईडातून मराठीत पाठ करते आणि वर्गात ओळीवर बोट फिरवत सांगते. एका वर्षी पुस्तक बदललं आणि नवं गाईड बाजारात यायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे मी पोरांकडून नुसतं शुद्धलेखन गिरवून घेतलं. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं, पोरांची अक्षरं सुधारली म्हणून! वरून इंग्रजी पत्र आलं की माझा चष्मा घरी राहतो. अलीकडे मोबाईल भाषांतर करून देतो, तेवढाच जीव भांड्यात पडतो, पण वर्गात मोबाईल कसा काढणार? आमच्या ह्यांनासुद्धा यातलं काही माहीत नाही.

तुझ्या चार महिन्यांची माझ्याकडे बारा वर्षं झालीत. रोज घंटा वाजते आणि वाटतं, आज कुणीतरी विचारेल. मागच्या पत्रात तुला ‘आणखी साठ पाठ कर’ लिहिलं, त्याची मला लाज वाटते. मी तुला माझ्याच खोलीत ओढत होते.

तू निघ तिथून. दादाला तुझं सांग. माझं सांगितलंस तरी अडवणार नाही. सांगू नयेस असं वाटतं, हेही खरंच लिहिते.

जमलं तर आत्याला माफ कर.
वैजू


सांगोला तालुका
१९ मार्च २०२५

चि. अंकीस,
आप्पाचा आशीर्वाद.

तुजं पत्र मिळालं. तुला इंग्रजी वाचाय येत न्हाय, समदं पाठ केलेलं हाय, ह्ये वाचून पयल्यांदा लई राग आला. मंग मेंढरामागं गेलो, तितं बसून परत वाचलं. मंग राग ऱ्हायला न्हाय, वाईट वाटलं. कवाधरनं पोटात ठिवलं हुतंस पोरी?

फ्लेक्स वाऱ्यानं फाटला म्हणून लोकान्ला सांगितलं. मीच काढला. तुजी आई आता भाजीला मलाच धाडती.

तू खरं लिवलंस, तुला बोलणार न्हाय. पर ते दुधनीचं सर कोण, कुटलं, मला ठावं न्हाय. एकदा भाईरच्या मानसावर इस्वास ठिवून तोंडावर पडलो. घरात इंग्रजीची बाई असताना आमी दुसऱ्याच्या दारात गेलो, हीच चूक झाली. पाडवा झाला की तुला हॉस्टेलातनं काडतो आन् करमाळ्याला वैजूकडं सोडतो. बारा वर्सं पोरं घडवतीया ती. दोन म्हैन्यात तुला तयार करंल. तिला इचारायचं काय त्यात, सख्खी भन हाय माजी.

सोनालीच्या सासरकडनं तुज्या लग्नासाटी एक जागा सांगून आलीया. परीक्षेपातूर थांबा म्हणलंय. फुडं मला त्यान्ला थांबवता येनार न्हाय.

जिवाला लावून घेऊ नगंस.
आप्पा


जुळे सोलापूर
२३ मार्च २०२५

ती. स्व. आत्यास,
अंकिताचा सा. न.

आप्पांना मी फक्त माझं सांगितलं. तुझं माझ्या तोंडून निघालं नाही, निघणारही नाही. आणि त्याचा हा असा परिणाम झाला. आप्पांचं पत्र सोबत ठेवतेय, वाच.

म्हणजे पाडव्यानंतर तू आणि मी समोरासमोर बसणार आणि मध्ये उतारा. मला आधी हसू आलं, हसता हसता रडू आलं. तुझ्याकडे नको म्हटलं तर आप्पा कारण विचारतील. बरं म्हटलं तर मे महिना येईल, आणि पुढचं तू वाचलंच आहेस. आप्पांशी मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले, आणि दार होतं तेही लागलं.

मी तुझ्यावर चिडलेली नाही गं. चिडले होते, एक रात्र. संगमेश सर बजाबाईंजवळ एप्रिलपर्यंत जागा ठेवतो म्हणालेत. त्यांचा नंबर खाली लिहून ठेवतेय, उगाच. मला काही सुचत नाही. तू सांगशील तसं करीन.

तुझीच,
अंकिता


करमाळा
२७ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
वैजूचा सा. न. वि. वि.

फोन केला असता तर तू पहिल्याच वाक्याला हसला असतास, आणि मीही हसून विषय बदलला असता. म्हणून लिहून पाठवतेय.

दादा, मला इंग्रजी येत नाही. शिकवते ते सगळं गाईडातून पाठ करून शिकवते. अंकितानं जे चार महिने केलं तेच मी बारा वर्षं केलं. तिला हे माहीत होतं आणि तिनं तुला सांगितलं नाही, माझी लाज राखली. तिला बोलू नकोस. बोलायचं ते मला बोल.

मी शिकावं म्हणून तू सातवीतून उठलास आणि मेंढरं हातात घेतलीस. मी ते एक दिवस विसरले नाही, आणि म्हणूनच तुला कधी सांगता आलं नाही. दर दिवाळीला तू माझ्याकडे बघून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचास, ही आमची इंग्रजीची बाई. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

काल मुख्याध्यापकांना सगळं सांगून बिनपगारी रजेचा अर्ज दिला. त्यांनी तो ठेवून घेतला. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. ह्यांनाही सांगितलं. ते ताट तसंच ठेवून बाहेर निघून गेले.

संगमेश सरांना फोन केला होता. सकाळी सात वाजता, पाचवीच्या पुस्तकापासून. तुमच्यापेक्षा वयानं मोठी विद्यार्थिनी चालेल का म्हणून विचारलं. चालेल म्हणाले. त्यांच्या गल्लीतच एक खोली मिळतेय, आम्हा दोघींना पुरेल. मे महिन्यापर्यंत अंकिताला किती जमेल, मला खरंच सांगता येत नाही, आणि आता माहीत नसलेलं मी सांगणार नाही. पण त्या जागेवाल्यांना थांबा म्हणू नकोस दादा. नाही म्हण. माझ्यासाठी तू एकदा थांबलास, तिच्यासाठी तसंच थांब.

पाडव्यानंतर तिला माझ्याकडे आणू नकोस. मीच तिच्याकडे निघालेय.

राग येईल तेवढा येऊ दे, फक्त मला बहीण म्हणणं सोडू नकोस.
तुझी वैजू